अजून नाही

१

माझ्या लायब्ररीत पुस्तकं नाहीत, खेळणी आहेत. भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये एका इमारतीच्या तळमजल्यावर, पूर्वी टेलर बसायचा त्या गाळ्यात, मी ती चालवते. लोक आठवड्यासाठी खेळणं घरी नेतात, मुलाला मानवलं तर मग स्वतःसाठी घेतात. बोलणारी, दिवे लागणारी, सेलवर चालणारी खेळणी जास्त. दोन टॅबही आहेत, त्यांत मी पारखून घातलेली मोजकीच ॲप्स.

परत आलेली प्रत्येक वस्तू मी स्वतः तपासते. सेलच्या झाकणाचा स्क्रू घट्ट आहे का. आवाज कानाशी धरून ऐकते, मला टोचला तर मुलाला देत नाही. ॲप मध्येच जाहिरात दाखवतं का, खेळ संपला म्हणून सांगतं की मुलाला तसंच पुढे ओढत नेतं. आणि शेवटी बघते ते हे, की मुलाला नको झालं तर त्याला ते आपलं आपण बंद करता येतं का. ते जमत नसेल तर बाकी कितीही चांगलं असो, मी ठेवत नाही.

या कसोटीला पुरेपूर उतरलेलं खेळणं म्हणजे गोष्टपेटी. कापडाने मढवलेला चौकोनी स्पीकर. ना पडदा, ना इंटरनेट. सोबत लाकडी प्राणी. हत्ती पेटीवर ठेवला की हत्तीची गोष्ट सुरू, उचलला की बंद. त्यांच्यात एक न रंगवलेली, नाकडोळे नसलेली बाहुली आहे. ती पेटीवर ठेवून लाल बटण दाबलं की आईबाबांना स्वतःच्या आवाजात गोष्ट भरता येते.

त्या दिवशी पेटी गिरिजा नावाच्या बाईंकडून परत आली होती. मी हत्ती ठेवून पाहिला, कासव, बेडूक. सगळे ठीक. मग कोरी बाहुली ठेवली.

आधी नुसता श्वास ऐकू आला. नाक चोंदलेल्या मुलाचा, तोंडाने घेतलेला. मग अगदी हळू, कोणी रागावेल अशा भीतीने बोलल्यासारखा आवाज आला, "काकू, उठू का?"

त्यानंतर शांतता. पण रेकॉर्डिंग संपल्यावर असते तशी नाही. तिच्यात पंख्याची घरघर होती आणि कोणीतरी उत्तरासाठी थांबलं होतं.

मी बाहुली उचलली. श्वास थांबला. बाहेर रिक्षावाले "स्टेशन, स्टेशन" ओरडत होते. मी रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि गाळा बंद केला.

२

गिरिजाताई मला आठवत होत्या, कारण त्या मुलाला न घेता आल्या होत्या. लायब्ररीत असं कोणी करत नाही. मूल दारातूनच हात सोडून आत पळतं. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "रोशन चार वर्षांचा आहे. झोपलाय." मग बराच वेळ पेटीच्या कापडावरून हात फिरवत बसल्या. "त्याला पडदा नको. त्याचं नुसतं ऐकणारं काहीतरी द्या."

त्याचं ऐकणारं. त्याला ऐकवणारं म्हणायचं असेल, असं मी मनाशी दुरुस्त केलं.

रविवारी पेटी मी घरी आणली. माझी मुलगी क्षितिजाही चार वर्षांची. नवीन किंवा परत आलेलं खेळणं मी तिच्यापुढे ठेवते आणि काही न बोलता बघत बसते. तिने हत्ती ठेवला, उचलला. बेडूक ठेवला, हसली. मग कोरी बाहुली ठेवली. ती रिकामी होती, मीच रिकामी केली होती.

"काकू, उठू का?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हातातला पेला खाली ठेवायचं मला सुचेना. पुसताना बटण नीट दाबलं गेलं नसेल. अशा यंत्रांत पुसलेलंही कुठे कुठे शिल्लक राहतं. मी हे सगळं मनात भराभर मांडत होते, तेवढ्यात उत्तरासाठी थांबलेल्या त्या शांततेत क्षितिजा सहज म्हणाली, "अजून नाही."

पेटीतून हुंदका गिळल्यासारखा आवाज आला आणि श्वास पुन्हा सुरू झाला.

"क्षितू, असं का म्हणालीस?"

"असंच म्हणायचं असतं."

"कोण म्हणतं असं?"

"सुगंधाकाकू," ती म्हणाली आणि बाहुली उचलून हत्ती ठेवला.

३

सुगंधाकाकूंचं पाळणाघर आमच्याच रस्त्यावर, तीन इमारती सोडून. दुपारी मला शाळांमध्ये, सोसायट्यांमध्ये पालकांशी बोलायला जावं लागतं, माझा नवरा जितेश सकाळी जातो तो रात्री येतो. त्यामुळे शाळेनंतर संध्याकाळपर्यंत क्षितिजा त्यांच्याकडे. काकू मूळच्या रत्नागिरीकडच्या, एकट्या, मुलगा साहिल हाटकेशला एका कारखान्यात सुपरवायझर. मुलांना मोबाईल दाखवून गप्प बसवत नाहीत, टीव्ही लावत नाहीत, म्हणून लोक त्यांच्याकडे रांग लावतात.

सोमवारी क्षितिजाला सोडताना मी विषय काढला. "काकू, झोप नसेल आली तर उठू देता ना मुलांना?"

त्या हसल्या. "अगं, एकाला उठवलं की सगळी उठतात. मग धिंगाणा. जरा पडून राहायची सवय लागली तर बरंच आहे की." त्यांनी क्षितिजाच्या केसांवरून हात फिरवला. "दूध पिते आणि गुणी बाळासारखी झोपते. तुझ्याकडे नसेल झोपत एवढी."

नव्हतीच झोपत. घरी दुपारी तिचा डोळा कधी लागला नव्हता.

आत हॉलमध्ये आधी आलेली मुलं गाद्यांवर पडली होती. निळा पडदा ओढलेला, पंख्याचा आवाज. एवढी मुलं एका खोलीत आणि कोणी कूस बदलत नव्हतं. शिस्त आहे, असं मला वाटलं. बारीकशी टोचणीही लागली, पण ती कशाची हे कळेना.

"ती कसली पेटी?" माझ्या पिशवीकडे बघत काकू म्हणाल्या. "पालक विचारत असतात, काही टेक्नॉलॉजीचं आहे का तुमच्याकडे. त्यातलं एखादं चांगलं सुचव म्हणून तुला सांगणारच होते."

मी पेटी काढून दाखवली. निजायला लावण्यापेक्षा मुलांनी गोष्टी ऐकलेल्या काय वाईट. कोरी बाहुली मात्र मी वेगळी काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि चेन लावली.

काकूंनी हत्ती ठेवला. हत्तीची गोष्ट सुरू झाली. गाद्यांवर कोणी मान वळवली नाही.

"राहू दे इथे," काकू म्हणाल्या.

४

त्या दिवशी माझं बोलणं मीरा रोडला पूनम सागरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. पंचवीसेक आया, चार बाबा, मागे खेळणारी मुलं. मी नेहमीचं सांगितलं: मूल स्क्रीनसमोर असेल तर शेजारी बसा, ॲप आधी स्वतः खेळून बघा, मुलाचा चेहरा बघा. एका आजोबांनी हिंदीत विचारलं, "बच्चा बिना मोबाईल के खाना ही नहीं खाता, क्या करें?" सगळे हसले. मीही हसले.

शेवटच्या रांगेत गिरिजाताई बसल्या होत्या. लोक पांगल्यावर त्या पुढे आल्या.

"पेटी पुन्हा मिळेल का?" त्यांनी विचारलं.

"मिळेल. पण त्या बाहुलीत तुमच्या रोशनचा आवाज राहिला होता. मी पुसला, तुम्हाला हवा असेल हे लक्षात आलं नाही. सॉरी."

त्यांनी लगेच विचारलं, "काय म्हणत होता?"

मी सांगितलं.

त्या खुर्चीवर बसल्या. रडल्या नाहीत. "मी काही भरलं नव्हतं हो. बटण कुठलं तेही मला माहीत नाही. पेटी मी नुसती त्याच्या गादीवर ठेवली होती." मग म्हणाल्या, "रोशनला जाऊन वर्ष झालं."

हॉलमधला पोऱ्या खुर्च्या एकावर एक रचत होता. त्याचा खडखडाट थांबल्यावर त्या पुढे बोलल्या.

"आम्ही तेव्हा इंद्रलोकला राहायचो. मी संध्याकाळी न्यायला गेले तर उठेना. त्याला सर्दी होती, नाक चोंदलं होतं. झोपेतच श्वास अडकला, म्हणाले. सुगंधाकाकू तर माझ्यापेक्षा जास्त रडल्या. सासरचे म्हणाले, आता त्या एवढ्याशा देहाची चिरफाड नको. मीही हो म्हटलं. नंतर एकेक आठवायला लागलं. दूध कडू लागतं म्हणायचा. मी म्हणायचे, नाटकं करू नकोस."

"पोलिसांत गेला नाहीत?" मी विचारलं.

"काय सांगू? दूध कडू होतं?" त्या म्हणाल्या. "तरी गेले होते. मला कोणी दारात उभंसुद्धा केलं नाही."

"गिरिजाताई, ती पेटी मी आज दुपारीच सुगंधाकाकूंकडे ठेवली आहे."

त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. दिवसभर उपाशी असलेल्या माणसापुढे कोणी ताट ठेवावं, तसा तो बदलला.

"तिच्याकडे?" त्या म्हणाल्या. "बरं केलंत."

"माझी मुलगी आहे तिथे."

"मुलांना नाही काही करायचा तो," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्याला मुलं फार आवडायची."

५

रिक्षात बसल्या बसल्या मी पाळणाघराला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पर्समध्ये हात घालून कप्प्याची चेन उघडली. आत सुटी नाणी होती, क्लिप होती, बाहुली नव्हती.

पडली असेल. काकूंच्या दारात पर्स उघडली तेव्हाच पडली असेल, मुलांनी उचलली असेल. मी स्वतःला हे समजावत होते आणि ते पटतही होतं. दुःखाने माणसाचं डोकं फिरतं. मूल गेलेल्या बाईला कुणाचा तरी राग राग करावासा वाटतो. कडू दूध म्हणजे काही पुरावा नाही.

"भैया, जरा जल्दी."

"मॅडम, आगे सब जाम है. उड के जाऊँ क्या?"

इंद्रलोकच्या वळणावर मी उतरले आणि चालत, मग धावत गेले. लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती. जिन्याने चढले. काकूंच्या दाराबाहेर मुलांच्या चपला नेहमीसारख्या ओळीत लावलेल्या. काकूंच्या चपलाही त्याच ओळीत, टोकाला, लहान मुलाने काढाव्यात तशा, डावी उजवीकडे.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून पंख्याची घरघर येत होती, आणि मुलांचं कुजबुजणं. पाळणाघरात मुलं बोलतायत याचं त्या क्षणी मला हायसं वाटलं.

६

पडद्यातून येणाऱ्या निळ्या उजेडात सगळी मुलं गोल करून बसली होती. मांड्या घातलेल्या, पाठी ताठ. मी आत आले तरी कोणी वळून पाहिलं नाही.

मधल्या गादीवर सुगंधाकाकू निजल्या होत्या. गादी लहान मुलाची, म्हणून पाय पोटाशी घेतलेले. गळ्यापर्यंत चादर नीट खोचलेली. वरच्या ओठावर दुधाची पांढरी रेघ. उशाशी मुलांचे दुधाचे ग्लास उभे केलेले, सगळे रिकामे. मुलांची तोंडं कोरडी होती.

पेटी काकूंच्या डोक्यापाशी होती. तिच्यावर काहीही ठेवलेलं नव्हतं. बाहुली काकूंच्या मुठीत होती.

त्यांच्या पापण्या हलल्या, पण उघडल्या नाहीत. ओठ विलग झाले. आवाज त्यांचाच, घोगरा, म्हातारा. पण सूर मी आधी ऐकलेला होता.

"उठू का?"

"अजून नाही," मुलं एका आवाजात म्हणाली. प्रेमाने म्हणाली, काकू म्हणत तसंच.

मी क्षितिजाच्या खांद्यावर हात ठेवला. ती उबदार होती, टक्क जागी होती.

"काकूला दूध कोणी पाजलं, क्षितू?"

"आम्ही. तिला नको होतं. हट्ट करत होती." ती कुजबुजली. "तो म्हणाला, थोडं थोडं द्या, मग पिते."

"तो कोण?"

तिने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे एक गादी होती, आणि तिच्यावरची चादर फुगलेली होती. मुलं तर सगळी इथे बसलेली. चादर वर झाली, खाली झाली. तोंडाने घेतलेला, अडखळणारा श्वास. मी त्याहून जास्त पाहिलं नाही. मान वळवली आणि स्वयंपाकघरात गेले.

ओट्यावर, साखरेच्या डब्यामागे, सर्दीच्या औषधाची बाटली होती. गुंगी आणणारं औषध, त्यावर लहान मुलांना देऊ नये असं स्पष्ट छापलेलं. झाकणात चमचा अडकवलेला, रोजच्या वापरातल्या चमच्यासारखा झिजलेला. कपाटात तसल्याच आणखी बाटल्या. दूध कडू लागतं असं क्षितिजा मला कधी म्हणाली नव्हती. कदाचित तिला वाटलं असेल, दूध असंच असतं.

मी बाहेर आले.

"उठू का?" काकूंनी विचारलं.

या वेळी मुलांनी उत्तर दिलं नाही. ती सगळी माझ्याकडे बघत होती. क्षितिजा म्हणाली, "आई, आता तू मोठी आहेस ना. तू सांग."

"उठा" हा एवढासा शब्द. तो माझ्या जिभेवर होता. तो मी म्हटला असता तर त्या उठल्या असत्या, हे मला कसं कळलं ते सांगता येणार नाही, पण कळलं होतं.

मी क्षितिजाला दाराबाहेर नेलं. तिच्या सँडलमध्ये एक पाय घातला, बक्कल लावली. मग दुसरा पाय, दुसरी बक्कल. बाकीच्या मुलांना एकेक करून बाहेर बोलावलं. प्रत्येकाच्या चपला त्याच्या त्याच्या पायात घातल्या, ज्यांच्या सुटल्या त्यांच्या पुन्हा घातल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेनकडे सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी विचारलं, "सुगंधाबेन कहाँ है?"

"सो रही है," मी म्हटलं.

मग १०८ला फोन केला.

७

पुढचं सगळं रीतसर झालं. बाटल्या पोलिसांनी नेल्या. मुलांच्या तपासण्या झाल्या. कुणाला कायमचा त्रास नव्हता. क्षितिजा आता दुपारी झोपत नाही आणि मी तिला नीज म्हणत नाही. गिरिजाताईंचा जबाब घेतला गेला, या वेळी खुर्ची देऊन. कोपऱ्यातली गादी पोलिसांनी उचलली तेव्हा तिच्यावर नुसती चुरगळलेली चादर होती. पेटी अजून पोलिसांकडेच आहे.

सुगंधाकाकू वाचल्या. पण जाग्या झाल्या नाहीत. औषध अंगातून कधीच गेलंय, असं डॉक्टर सांगतात. हृदय चांगलं, फुप्फुसं चांगली, मेंदूच्या तपासात काही सापडत नाही. जागं न व्हायला कारण नाही. साहिलने शेवटी त्यांना घरी आणलं, हाटकेशला.

त्याचा मला फोन आला. त्याने मला दोष दिला नाही. तो फार थकला होता. "ताई, आईचे ओठ हलतात दुपारचे. काहीतरी विचारते सारखी. डॉक्टर म्हणतात, बोलत राहा, ओळखीचा आवाज ऐकून येईल बाहेर. मी उत्तर देऊन बघितलं. तिला मी नकोय बहुतेक. एक बाई रोज येतात, त्या बोलतात तिच्याशी. फार मायाळू आहेत. तुम्हीही या जमलं तर."

मी जाणार नव्हते. गेले. कामावर निघता निघता साहिलने दार उघडून दिलं आणि आतली खोली दाखवली.

खिडकीवर जाड पडदा होता. खाटेवर काकू अंग आखडून पडल्या होत्या, पहिल्यापेक्षा लहान दिसत होत्या. खाटेशेजारी गिरिजाताई बसल्या होत्या, वाटीतल्या पाण्याने त्यांचे ओठ ओले करत. कपाळावरचे केस त्यांनीच विंचरले असावेत. मला बघून त्यांनी मान हलवली, आपल्या घरी कोणी ठरल्या वेळी यावं तशी.

"बस," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच अगं-तुगं करून. "आता विचारील."

आम्ही थांबलो. बाहेर कारखान्यातलं कुठलंतरी यंत्र एका लयीत ठोकत होतं. काकूंच्या बंद पापण्यांखाली डोळे फिरत होते, इकडून तिकडे. त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर उतरलं. त्या आत होत्या. पूर्ण जाग्या होत्या. मग ओठ उघडले आणि तो प्रश्न आला, भीत भीत.

गिरिजाताईंनी वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"रोज मीच सांगते," त्या म्हणाल्या. "आज तू सांग."

खाटेवरची बाई श्वास रोखून वाट बघत होती. मी खुर्ची पुढे ओढली, पदर सावरला आणि तिच्या कानाशी वाकले.